रंगरावाची मिसल

गिरदावर साहेबांइतका सज्जन दुष्ट माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि यापुढे कधी पाहायला मिळेल अशी आशाही उरलेली नाही. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस हा माणूस अंगणातल्या मुंग्यांच्या रांगेवरून लांब ढांग टाकून जायचा, भाजीवालीने चुकून कोथिंबिरीची जुडी जास्त टाकली तर तिला गल्लीच्या टोकापर्यंत गाठून परत करायचा, आणि उरलेल्या एका दिवशी, माघ महिन्यात, तलमडुगुकडच्या एका गावात, मिशीला काजळ फासून विधवा भावजयीला भर चौकात घराबाहेर काढायचा. हे त्यांनी लागोपाठ एकोणीस वर्षं केलं. भावजय दर वर्षी तीच असे, घर तेच असे, आणि प्रेक्षकांतल्या बायका ज्या शिव्या द्यायच्या त्याही साधारण त्याच असत. साहेबांना त्या क्रमाने पाठ होत्या. एखादी राहून गेली तर ते मनातून खट्टू होत.

मी आदिलाबादच्या एका मराठी शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा त्यांच्या शेजारची दोन खोल्यांची जागा मला मिळाली. ते नुकतेच निवृत्त झाले होते. गिरदावर म्हणजे महसूल खात्यातला, पटवाऱ्याच्या वरचा आणि तहसीलदाराच्या खालचा माणूस. त्यामुळे वरून बोलणी आणि खालून गाऱ्हाणी अशी त्याची दोन्हीकडून सोय असते. साहेबांची नोकरी सुटली त्याच सुमाराला सरकारने ताल्लुके मोडून मंडलं केली. आपण गेल्यावर ताल्लुके सांभाळायला कोणी राहिलं नाही म्हणून ते मोडले, असा त्यांचा अगदी प्रामाणिक समज होता. शेवटपर्यंत त्यांनी 'मंडल' हा शब्द तोंडातून काढला नाही. पत्रावर ताल्लुकाच लिहीत. आमच्या पोस्टमनला मराठी वाचता येत नव्हतं, पण परत आलेल्या पत्रावर पोस्टाची आडवीतिडवी दुरुस्ती दिसली की तो न विचारता साहेबांच्या दारात येऊन उभा राहायचा.

त्यांच्या घरात कुठलीही गोष्ट नुसती घडत नसे. तिची मिसल तयार होत असे. मिसल म्हणजे फाईल, पण साहेबांना फाईल हा शब्द पोरकट वाटायचा. दूध पातळ आलं की साधा माणूस गवळ्यावर ओरडतो. साहेब त्याला ओट्यावर बसवत, चहा पाजत आणि त्याचं बयान घेत. एकदा मला आणि समोरच्या शिंप्याला पंच म्हणून बोलावणं आलं. म्हशीचं वय, तिचा चारा, पाणी पाजण्याची जागा, दोहणाऱ्याचं नाव आणि त्याच्या वडिलांचं नाव, असं सगळं कागदावर येईपर्यंत दीड तास गेला, आणि नमुना म्हणून मधोमध ठेवलेलं दूध तेवढ्यात नासलं. साहेबांनी 'नमुना नष्ट झाल्याने तहकीकात बंद' असा शेरा मारला, आणि गवळ्याने खाली मोठ्या आनंदाने अंगठा उठवला. दुसऱ्या दिवसापासून दूध मात्र घट्ट यायला लागलं, कारण पुन्हा दीड तास ओट्यावर बसण्यापेक्षा पाणी न घालणं गवळ्याला सोपं वाटलं असावं.

काकूंवर, म्हणजे साहेबांच्या बायकोवरही हा प्रसंग यायचा. मिठाचा डबा जागेवर नसला की साहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणत, "डबा कोणी हालवला, त्याचा लेखी जबाब पाहिजे." काकू भाकरीवरची नजर न काढता म्हणायच्या, "जबाब पाहिजे का जेवण पाहिजे, एक काय ते सांगा. दोन्ही नाही होत माह्याच्यानं." साहेब जेवण निवडत. पण संध्याकाळी 'सामनेवालीने जबाब देण्यास इन्कार केला' अशी नोंद झालेली असे, आणि काकू तोच कागद दुसऱ्या दिवशी चूल पेटवायला घेत.

अशा माणसाला खलनायक कसा जमत होता, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. नाटक त्यांचं स्वतःचंच होतं. नोकरीत असताना त्या गावी त्यांचा मुक्काम पडायचा. सप्ता संपल्यावर दुसऱ्या दिवशी करायला एखादं नाटक द्या, असं गावकऱ्यांनी म्हटलं, आणि साहेबांनी त्यांना रंगराव लिहून दिला. हा रंगराव घरातला मोठा, कर्ता, संशयी, आपलंच खरं करणारा, सगळ्यांना धाकात ठेवणारा. साहेबांनी तो दुसऱ्या कोणाला करूच दिला नाही. त्याचं हसणं हा त्यांचा खास विषय होता. पौष लागला की ते परसातल्या विहिरीजवळ तालीम करत, पण आधी आजूबाजूच्या तिन्ही घरी जाऊन वर्दी देत, "आता पाच मिंटं हासतो बरं का. लेकरं निजले असतीन तर सांगा, मंग हासीन." परवानगी मिळाली की विहिरीत वाकून असं काही हसत की शेजारची म्हैस दावं तोडायला बघायची. हसून झालं की पुन्हा तिन्ही घरी जाऊन "झालं" म्हणून सांगून येत. एका वर्षी नाटकात एका म्हातारीने त्यांना चप्पल फेकून मारली. साहेबांनी ती झेलली, वाक्य न तोडता बगलेत धरली, आणि सकाळी घरोघर दाखवत मालकीण शोधून काढली. चप्पल परत मिळाल्याचा अंगठा तिच्याकडून घेतला तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

माझा या सगळ्यात शिरकाव झाला तो एका पुस्तकामुळे. मी तेव्हा बाहेरून बी.एड. करत होतो आणि मानसशास्त्राचं एक जाड पुस्तक मिळवून ओट्यावर वाचत बसायचो. म्हणजे बसायचो हे खरं. साहेब येऊन शेजारी टेकले आणि 'व्यक्तिमत्त्वाचे विकार' या धड्यावर त्यांची नजर पडली. तो शब्द त्यांना उच्चारायला जड गेला. त्यांनी लगेच त्याचं आपल्या दफ्तरी भाषेत रूपांतर केलं: मिजाजाची बिमारी. मी म्हणालो, हो, तसंच काहीसं. काही माणसांचा स्वभावच आजारी असतो, आणि त्याची लक्षणं इथे दिली आहेत. मग मी वाचून दाखवली. सतत संशय. आपणच बरोबर असं वाटणं. कोणावर विश्वास नसणं. सगळं आपल्याच पद्धतीने व्हावं हा हट्ट. एकदा धरलेला राग वर्षानुवर्षं न सोडणं. साहेब डोळे बारीक करून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, हे तं आपल्या रंगरावाचं वर्णन हाये. या पुस्तकवाल्यानं रंगरावाले पाह्यलं कुठी?"

दुसऱ्या दिवशी रंगरावाची मिसल उघडली गेली. हा माणूस दुष्ट आहे की बिमार, एवढाच चौकशीचा मुद्दा. मला जाणकार म्हणून नेमलं. मी तो धडा एकदाच वाचला होता, पण ओट्यावर आमच्यापैकी दुसऱ्या कोणी तेवढाही वाचलेला नव्हता, त्यामुळे मी बेधडक बोलत असे. पहिली साक्ष भावजयीची. भावजयीचं काम करणारा आमच्या गल्लीतला कंपाउंडर होता. गडी चांगला दणकट, पण लुगडं नेसला की बायकासुद्धा त्याला जागा द्यायच्या. साहेबांनी त्याला समोर बसवून विचारलं, "तुमच्या दिरानं तुमाले घराबाहेर काहाडलं ते कोणत्या महिन्यात?"

"माघात," कंपाउंडर म्हणाला. "पण साहेब, तुमीच तं काहाडलं."

"मी नाही. रंगरावानं. बयानात नीट बोला."

"बरं, रंगरावानं. चांगलं हात धरून काहाडलं. अजून दुखून राह्यला मनगट."

"त्यावेळी त्यायच्या चेहऱ्यावर पस्तावा होता काय?"

"काजळ होतं, साहेब. पस्तावा असन बी, दिसला नाही."

साहेबांनी 'पस्तावा दिसून आला नाही' एवढंच लिहून घेतलं. असे आठ-दहा दिवस गेले. पुस्तक मला परीक्षेसाठी लागणार म्हणून त्यांनी लक्षणांची यादी आपल्या वळणदार अक्षरात मिसलीत उतरवून घेतली, पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घातलं, आणि मला परत केलं. अर्थात पोच घेऊन.

मग मी विचारलं, "साहेब, पुस्तकात म्हटलंय की माणसाचं बालपण पाहावं लागतं. रंगरावाचं बालपण नाटकात कुठेच नाही." साहेबांनी तो मुद्दा टिपून घेतला. दोन दिवसांनी त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की रंगराव चौदा वर्षांचा असताना बाप गेला. त्याने शाळा सोडली आणि जिनिंगमध्ये कापूस वाहायला लागला. आईला आणि धाकट्या भावाला त्याने पोसलं. धाकट्याला शिकवलं. धाकटा शिकून गिरदावर झाला.

मी कागद दोनदा वाचला. म्हणालो, "साहेब, नाटकातला रंगरावाचा भाऊ तर आधीच मेलेला आहे. मग हा गिरदावर कोण?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. नंतर जे सांगितलं ते थोडक्यात एवढंच, की त्यांचे थोरले बंधू भैंशाला असतात, जिनिंगमध्ये कापूस पारखतात, आणि बावीस वर्षांत दोघांचं बोलणं नाही. आई गेली तेव्हा साहेब जंगलपट्टीत पाहणीवर होते. निरोप उशिरा मिळाला. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दादा थांबले नव्हते. "एक दिवस थांबाचं होतं, मास्तर. तोंड तं पाह्यलं असतं," साहेब म्हणाले. त्याच वर्षी त्यांनी नाटक लिहायला घेतलं होतं. तीन वर्षांनी ते उभं राहिलं, आणि तेव्हापासून दर माघात ते आपल्या भावाचं सोंग घेऊन उभे राहत आणि तीनशे माणसांकडून त्याला शिव्या घालून घेत.

मला खरं सांगायचं तर त्या वेळी वाईट वाटण्याआधी गंमतच वाटली. बी.एड.च्या अभ्यासात इतकं जिवंत उदाहरण कोणाला मिळतं? पण साहेब माझ्यापेक्षा पुढे गेले होते. ते म्हणाले, "मिजाजाची बिमारी असन, तं मंग त्याच्यावर राग धरून काय फायदा? लंगड्याले पळ म्हणाचं अन् पळत नाही म्हणून माराचं, असं झालं हे. दादाचा मिजाजच तसा. लहानपणीच डोक्यावर सगळं पडलं, तं थांबाचं कसं हेच त्याले कोणी शिकवलं नाही." निकाल लागला. रंगराव निर्दोष. साहेबांनी नाटकाचा शेवट बदलला. इतकी वर्षं शेवटी गाव रंगरावाला हाकलून देई, आता भावजय येऊन म्हणणार होती, "घरी चाला भावजी. तुमचं दुखणं आमी पाहू." कंपाउंडर कुरकुरला, गावकरी कुरकुरले, पण साहेब ऐकेनात. आणि त्यांनी मला एकट्याला सांगितलं, की नाटक झाल्यावर सकाळच्या गाडीने ते परस्पर भैंशाला जाणार. एका पिशवीत दादांसाठी धोतरजोडी आणि काकूंनी केलेले तिळाचे लाडू घेतले होते. पिशवी त्यांनी स्वतः तीनदा उघडून पाहिली. इतकं हलकं झालेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

नाटक झालं. शेवटी भावजयीने रंगरावाचा हात धरला तेव्हा बायकांच्या बाजूला एकदम सामसूम झाली, आणि मग पदर डोळ्यांना लागायला लागले. एवढा परिणाम साहेबांनी शिव्यांतूनही कधी मिळवला नव्हता.

आता त्या गावची एक रीत सांगायला हवी, कारण घोटाळा तिथेच झाला. खलनायकाला दिलेली शिवी उतरवली नाही तर ती नटाला चिकटते, असं तिथे मानतात. म्हणून नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना मारुतीच्या पारावर बसवत, खांद्यावर शाल टाकत, आणि जिने जिने शिवी दिली ती एकेक बाई ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि ठेचा त्यांच्या हातावर ठेवून म्हणे, "काल बोलली ते रंगरावाले बोलली. तुमाले नाही." साहेब "पावलं" म्हणून तो तुकडा खात. नऊ वाजेपर्यंत त्यांचं पोट शिव्यांनी गच्च भरे. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. पिशवी त्यांच्या मांडीजवळ होती. ती चप्पलवाली म्हातारी आली आणि मला म्हणाली, "मास्तर, तुमी बी उतरवा. काल लई हासले तुमी रंगरावाले."

मी उठलो. माझ्या हातात भाकरीचा तुकडा दिला गेला. समोर पन्नास-साठ माणसं, सगळी माझ्याकडे बघणारी. आणि मला अवदसा आठवली. मी म्हणालो, "मला मात्र तसं म्हणता येत नाही. पुस्तकाप्रमाणे पाहिलं तर रंगराव आणि आपले साहेब एकच!" लोक हसले. हसले म्हटल्यावर मला चेव आला. मी बोटं मोजायला लागलो: दुधावर संशय कोणाला? मिठाच्या डब्याचा जबाब कोण मागतं? सगळं आपल्याच पद्धतीने व्हावं हा हट्ट कोणाचा? आणि बावीस वर्षं राग धरून बसलंय कोण? शेवटचं वाक्य बोललो आणि माझ्याच लक्षात आलं की हे इथे बोलायचं नव्हतं. पण लोकांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना तीही गंमतच वाटली. कंपाउंडर तर पारावर लोळायचा बाकी राहिला.

साहेबही हसले. विहिरीतलं ते हसू नव्हे, साधंच, तोंडापुरतं. माझ्या हातातला तुकडा त्यांनी घेतला नाही, आणि तो घेतला गेला नाही हे त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही. थोड्या वेळाने फाट्यावर आदिलाबादची गाडी आली; भैंशाची गाडी तिथूनच धरायची होती. साहेब माझ्याबरोबर चढले, आदिलाबादला उतरले, आणि पिशवी घेऊन सरळ घरी गेले. लाडू काकूंनी शेजारीपाजारी वाटून टाकले. मीही दोन खाल्ले.

संध्याकाळी मी गेलो तर ते मिसल पुढे घेऊन बसले होते. मी म्हणालो, "साहेब, मी मस्करी केली हो."

"मस्करी खोटी असते काय, मास्तर?" ते शांतपणे म्हणाले. "लोक हासले. खोटं असतं तं हासले नसते." मग यादीवर बोट ठेवून म्हणाले, "मी एकेक लक्षण ताळून पाह्यलं. दादाचं एक बी नाही लागत. थो थांबला नाही, एवढंच. थांबला काऊन नाही, हे मी कधी इचारलंच नाही. अन् माहे पाह्यले तं सगळे लागून राह्यले. इतके वर्षं मी चुकीच्या माणसाची तहकीकात करून राह्यलो होतो."

मी म्हणालो, "मग आता तरी भैंशाला जा."

"कोणत्या तोंडानं? तुमच्याच पुस्तकात लिहेल हाये, हे बिमारी जात नाही अन् जवळच्यायले तरास होते. थो तिकडं बरा हाये माह्याबिगर." त्यांनी खाली शेरा लिहिला, तारीख टाकली आणि मिसलीची दोरी बांधली.

परीक्षेच्या वेळी मी ते पुस्तक पुन्हा उघडलं. त्या धड्याच्या पुढच्याच पानावर स्पष्ट लिहिलं होतं की ही लक्षणं थोडीफार सगळ्याच माणसांत असतात, तेवढ्यावरून कोणाला आजारी ठरवू नये, आणि हे ठरवणं शिकलेल्या डॉक्टरांचं काम आहे. ते पान मी वाचलंच नव्हतं, कारण परीक्षेला ते येत नाही असं मला कोणीतरी सांगितलं होतं. मी पुस्तक घेऊन धावत गेलो. साहेबांनी चष्मा लावून पान वाचलं, पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मिसल बंद झाल्यावर नवीन कागद घेता येत नाही."

"मग अपील करा," मी म्हणालो.

"अपील आपल्यापेक्षा मोठ्यापाशी करा लागते, मास्तर," ते म्हणाले. मोठा भैंशाला बसलाय, त्याच्याकडेच करा, हे उत्तर मला तिथल्या तिथे सुचायला हवं होतं. ते सुचलं माझी इंद्रवेल्लीला बदली झाल्यावर, बसमध्ये. पुढच्या वेळी आदिलाबादला गेलो की सांगू असं मी ठरवलं. मग शाळा, लग्न, मुलं, आणि पुढची वेळ. रंगराव त्यांनी पुन्हा केला नाही. पुढच्या वर्षी कंपाउंडरने करून पाहिला, पण बायकांनी त्याला शिव्याच दिल्या नाहीत, आणि नाटक आपोआप बंद पडलं. साहेबांच्या मिसलीही थांबल्या. दूध पुन्हा पातळ यायला लागलं, आणि ते काही न बोलता प्यायचे. माझ्या बदलीआधी काकूच एकदा मला म्हणाल्या, "मास्तर, मिठाचा डबा मी मुद्दाम हालवून ठेवतो. इचारतच नाहीत."

मी स्वतः भैंशाला जाऊन दादांना सांगू शकलो असतो. इंद्रवेल्लीहून निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत परत येऊ शकतो. पाच वर्षांत मी एकदाही गेलो नाही. जायचं म्हणजे मी काय बोललो तेही सांगावं लागलं असतं.

सहाव्या वर्षी शाळेत निरोप आला. साहेब सकाळी विहिरीजवळ बसले होते, ते उठलेच नाहीत. मी पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं, पण सगळं थांबलं होतं. काकू दारात बसून एकच वाक्य बोलत होत्या, "मोठे येऊ द्या. त्यायच्याबिगर उचलाचं नाही." दुपारच्या गाडीने दादा आले. मी मनात एखादा दांडगा, मिशाळ माणूस धरून बसलो होतो. आला तो एक वाळका, बुटका म्हातारा. ते भावाजवळ बसले, त्याच्या कपाळावरून हात फिरवला, शालीचं टोक सारखं केलं. मग बाहेर येऊन ओट्यावर माझ्या शेजारी टेकले. कापूस पारखणाऱ्या माणसाची बोटं स्वस्थ राहत नाहीत. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये ते उगीचच काहीतरी ओढून बघत होते.

"तुमी शेजारचे मास्तर नं? जवळचे होते म्हणे त्याच्या," ते म्हणाले. मी मान हलवली.

"मी पाह्यलं त्याचं नाटक. चार खेपा. डोक्यावर घोंगडं घेऊन मागं उभा राहो."

"तुम्हाला कळलं होतं?"

"चाल माहीच होती नं. बिडी पेटवाची पद्धत बी माही." ते किंचित हसले. "बाया लई शिव्या देत. मले वाटे, ह्या माह्या वाटच्या हायेत, अन् खाऊन हा राह्यला. लहानपणी बी असाच होता. मार मले पडाचा अन् रडाचा हा." थोडं थांबून ते म्हणाले, "शेवटल्या खेपेले त्यानं रंगरावाले घरी नेलं. मी म्हटलं, आता येते हा. घरी जाऊन बायकोले सांगतलं, पुरणाची डाळ काहाडून ठेव. आठ दिवस मी जिनिंगमधून दुपारीच घरी येऊन बसो."

 मी विचारलं, "तुम्हीच का नाही आलात?"

"मी मोठा. मी आलो असतो तं त्याले वाटलं असतं, जाब इचाराले आला." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण थो काऊन नाही आला, मास्तर? तुमच्यापाशी काही बोलला काय?"

सगळं माझ्या जिभेवर होतं. पार, भाकरीचा तुकडा, मोजलेली बोटं. मी म्हणालो, "त्यांची तब्येत बरी नसायची."

"बिमार होता?" दादा ओट्यावर एकदम ताठ झाले. "मंग कोणी तरी सांगाचं होतं ना. मी आलो असतो."

आतून काकूंनी हाक मारली, तसे ते गुडघ्यांवर हात ठेवून उठले. मीही त्यांच्या मागे उठलो.